तांडेल मॅडमचं रिकामं रीडिंग

तांडेल मॅडम खुर्चीला कधी टेकून बसल्या नाहीत. स्टाफरूम असो, प्राचार्यांची केबिन असो, बाई आपल्या काठावर. पर्स मांडीवर, पाय जमिनीला लावलेले, आत्ता कुणीतरी हाक मारणार असल्यासारख्या. हाक कुणी मारायचं नाही आणि त्या दोन-दोन तास तशाच बसायच्या. मी एकदा विचारलेलं, "मॅडम, पाठ नाही दुखत?" तर म्हणाल्या, "दुखते ना. पण टेकले तर झोपेन, गायकवाड." हे काही गमतीने नव्हतं. बाई खरोखरच दमलेल्या असायच्या. तेरा वर्षं मी त्यांना जवळून बघितलं, त्यात कधी ताज्यातवान्या बघितल्याचं आठवत नाही.

आमचं कॉलेज डोंबिवलीत. त्या फिजिक्सच्या लेक्चरर आणि मी डेमॉन्स्ट्रेटर. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रॅक्टिकलला उपकरणं मांडायची, मुलांची जर्नलं तपासायची, फ्यूज बदलायचे, आणि एखाद्या लेक्चररने 'अरे गायकवाड' म्हटलं की धावायचं. तांडेल मॅडम 'अरे' म्हणत नसत. वयाने माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठ्या, तरी शेवटपर्यंत 'तुम्ही'. मी चौऱ्याऐंशी साली लागलो तेव्हा हंगामी होतो, आणि पुढे आठ वर्षं हंगामीच राहिलो. दर जूनमध्ये नवी ऑर्डर मिळेपर्यंत बायको रोज संध्याकाळी दिवा लावायची आणि मी भूक लागत नाही म्हणून नुसता चहा पीत बसायचो.

बाई ठाण्याच्या, चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या. आई मासळी बाजारात बसायची. त्या घरातली मुलगी एमएस्सी झाली, लेक्चरर झाली. तिथे तिने थांबायला हरकत नव्हती. पण नाही, चाळिशी उलटल्यावर पीएचडीला नाव घातलं. लग्न केलेलं नव्हतं. घरी आई, भाऊ-भावजय आणि त्यांची तीन पोरं, दोन खोल्यांत. डब्यात सुका जवळा असला की स्टाफरूममध्ये कुणीतरी उठून खिडकी उघडायचं. बोलायचं कुणी काही नाही. आमच्याकडे लोक बोलत नाहीत, खिडकी उघडतात. मग मॅडम डबा घेऊन प्रयोगाच्या अंधाऱ्या खोलीत जेवायला लागल्या. काही दिवसांनी मीही तिकडेच जायला लागलो, कारण माझ्या आडनावाचा डबासुद्धा लोक जरा वाकूनच बघायचे.

ती खोली म्हणजे फिजिक्स लॅबच्या मागची जुनी कोठी. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, दाराला काळा पडदा. आत एका लांब टेबलावर लेझर. मुंबईतल्या एका संस्थेत मॅडमचे गाईड होते, त्यांनी टाकाऊ म्हणून दिलेला, हातभर लांबीचा, लाल उजेडाचा. त्याच्या समोर काचेची बंद नळी, तिच्यात आयोडिनचे दोन-चार खडे, आणि त्यांची फिकट जांभळी वाफ. बाजूला नळीतली हवा काढायचा व्हॅक्यूम पंप. तो असा आवाज करायचा की पहिल्या मजल्यावरचे संस्कृतचे सर तक्रार घेऊन यायचे. मॅडमच्या उजव्या हाताची बोटं आयोडिनने कायम तपकिरी. नव्या आलेल्या बाया विचारायच्या, "मेंदी कुणाच्या लग्नाची हो?" मॅडम म्हणायच्या, "लांबचं लग्न आहे."

या खोलीत त्या काय करतात ते कॉलेजात कुणालाच कळलेलं नव्हतं. एकदा संस्थेचे अध्यक्ष आले. भला माणूस, कापडाचा व्यापारी. प्राचार्य त्यांना घेऊन थेट आमच्या खोलीत, दार सताड उघडून. आत रीडिंग चाललेलं. उजेड मोजायचा जो मापक होता तो इतका नाजूक की चालू असताना त्याच्यावर बाहेरचा उजेड पडला तर कामातून जायचा. मॅडमनी वळूनसुद्धा न बघता म्हटलं, "दार लावा."

"मॅडम, अध्यक्षसाहेब आलेत," प्राचार्य म्हणाले.

"मग त्यांना आत घ्या आणि दार लावा."

दार लागलं. काळोखात नळीच्या मधोमध तांबूस उजेडाची एक बारीक रेघ तेवढी दिसत होती. अध्यक्षांनी हळूच विचारलं, "बाई, अंधारात करता काय तुम्ही?"

मॅडमनी सांगितलं ते मी पुढे वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो. म्हणाल्या, "या वाफेत आयोडिनचे कण फिरतायत, आपल्याला न दिसणारे. लेझरचा उजेड कणाने घेतला की तो कण भरतो. नळावरून काठोकाठ भरलेली कळशी घेऊन बाई निघते ना, तसा. वाटेत कुणाचा धक्का लागला नाही तर ती घरी जाऊन पाणी ओतणार. म्हणजे हा कण घेतलेला उजेड परत देणार, ती ही रेघ. पण धक्का लागला तर पाणी वाटेतच सांडलं, उजेड नाही. आता मी आत दुसरा वायू सोडते, थोडा थोडा. गर्दी वाढते, धक्के वाढतात, रेघ फिकी होते. किती गर्दीला किती फिकी झाली ते मोजलं की एक कण दुसऱ्याला किती जोरात लागतो त्याचा आकडा निघतो."

"म्हणजे जे दिसत नाहीत त्यांचे धक्के तुम्ही मोजता?"

"धक्के कुठले मोजायला. सांडलेलं मोजते."

अध्यक्ष त्या रेघेकडे वाकले. मग म्हणाले की गिरगावातल्या चाळीत त्यांची आई अशी कळशी आणायची. जाताना प्राचार्यांना सांगून गेले, मॅडमना काय हवं ते द्या. आठवड्याने आम्हाला मिळालं ते काय, तर 'आत येण्यास मनाई आहे' अशी एक पाटी. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चला, हीच हवी होती."

हे काम व्हायचं फक्त शुक्रवारी. कारण साधं होतं. शुक्रवारी डोंबिवलीच्या कारखान्यांना सुट्टी. बाकीचे दिवस व्होल्टेज असं वरखाली व्हायचं की लेझर लुकलुकायचा. शुक्रवारी मात्र सकाळपासून वीज शांत. मॅडमनी भांडून टाइमटेबलमध्ये शुक्रवार मोकळा करून घेतलेला, त्याच्या बदल्यात शनिवारी सलग पाच तास घ्यायच्या. आता ही बाई दर शुक्रवारी कुठे दिसत नाही, चहाला येत नाही, चेहरा ओढलेला, तेव्हा बायकांनी परस्पर ठरवून टाकलं की मॅडमचे सोळा शुक्रवार चाललेत. मराठीच्या जोशीबाई गूळ-चणे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "उद्यापनाला सांगा हं, माझ्याकडची पातेली देते." मॅडमनी गूळ-चणे ठेवून घेतले. मला म्हणाल्या, "खा. तीनशेच्या वर शुक्रवार झाले, अजून देवी पावत नाही."

आता मुद्द्यावर येतो. मला तिथे यायचं नव्हतं, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसलो.

त्या मापात एक भानगड होती. नळीतून येणारा सगळाच उजेड काही आयोडिनचा नसायचा. थोडा लेझरचाच उजेड काचेवर आपटून मापकात शिरायचा. तो वजा करायला हवा. त्यासाठी दर रीडिंगनंतर नळीचं खालचं टोक बर्फ-मिठात बुडवायचं. अर्ध्या तासात आयोडिनची वाफ त्या टोकाला गोठून बसायची, वर नळी रिकामी. तेव्हा जो उजेड मोजला जाईल तो नुसता भटका उजेड. याला आम्ही रिकामं रीडिंग म्हणायचो. मग बर्फ काढा, टोक पुसा, वाफ परत होईस्तोवर थांबा, थोडा वायू वाढवा, पुन्हा रीडिंग, पुन्हा बर्फ. दिवसात अशी सात वेळा.

बर्फ यायचा मासळी बाजारातून. मॅडम पहाटे आईकडून घ्यायच्या, भुशात घालून, स्टीलच्या डब्यात. एकदा त्यांना बरं नव्हतं म्हणून मी ठाण्याला जाऊन आणलेला. आई म्हणजे सत्तरीची, कोयता चालवताना वर न बघणारी बाई. मी कोण ते सांगितल्यावर तिने पापलेटांच्या खालचा बर्फ काढून माझ्या डब्यात घातला. मी म्हटलं, मावशी, मासे खराब होतील. तर म्हणाली, "मासं र्‍हावदे. तिची बाटली नको तापाला." इतकं त्या घराने या बाटलीला दिलेलं होतं, आणि बाटलीत काय आहे ते घरात एकालाही ठाऊक नव्हतं.

मॅडम लेझर आणि वायू सांभाळायच्या. रिकामं रीडिंग माझ्याकडे. त्या वेळात त्या बाहेर जाऊन पेपर तपासायच्या नाहीतर शनिवारच्या तासांची तयारी करायच्या.

मी काय करायचो ते सांगतो. सकाळचं पहिलं रिकामं रीडिंग मी नीट घ्यायचो. पुढची सहा घ्यायचो नाही. बर्फात बुडवायचो, पाच-सात मिनिटांत काढायचो, आणि वहीत सकाळचाच आकडा लिहायचो, शेवटचा अंक एखाददोनने इकडेतिकडे करून. याला आमच्याकडे रीडिंग कुक करणं म्हणतात. फिजिक्सच्या प्रत्येक मुलाने जर्नलात केलेलं असतं, आणि मी स्वतः वर्षानुवर्षं तसली जर्नलं सह्या करून पास करत होतो. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. काच तीच, लेझर तोच, भटका उजेड काय बदलणार, असा माझा हिशोब. आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा यायचा. कल्याणहून येऊन आठवडाभर मुलांमागे फिरून, शुक्रवारी काळोखात बर्फ वितळताना बघत बसायचं, तेही स्वतःच्या नव्हे तर दुसऱ्याच्या पीएचडीसाठी.

मॅडमची एक सवय होती. एखादं माप छान जुळून आलं की त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "आकडा आवडला का? मग परत घ्या." मला ते ऐकून वैताग यायचा. आवडला तर परत कशाला घ्यायचा?

तर त्या मापांचा आलेख काढला की पाच बिंदू एका सरळ रेषेत यायचे आणि शेवटचे दोन बाकायचे. म्हणजे गर्दी खूप वाढली की उजेड जितका कमी व्हायला हवा तितका होत नव्हता. दर शुक्रवारी तेच. मॅडमनी तीन वर्षं त्यावर काढली. पंप उघडला, नळी बदलली, नळीत सोडायला वेल्डिंगवाल्याकडून आणतो तो आर्गॉन वायू शुद्ध नसेल म्हणून दुसरीकडून आणला. बाक जाईना. गाईडना मात्र तो बाक बघून आनंद झाला. इतरांकडे सरळ रेषा, आपल्याकडे बाक, म्हणजे नवीन काहीतरी. त्यांनी पेपर लिहायला लावला, दोघांच्या नावाने छापून आणला. त्या दिवशी मॅडमनी अख्ख्या डिपार्टमेंटला बटाटेवडे दिले. स्वतः अर्धाच खाल्ला आणि उरलेला हातात धरून काठावर बसून राहिल्या. थिसिस त्या बाकावरच उभा राहायचा होता. आईला त्यांनी सांगितलेलं की पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत मी डॉक्टर होणार. आईने बाजारात सगळ्यांना सांगितलेलं.

आम्ही घरचे सगळे सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जातो, वर्षानुवर्षं. एक्क्याण्णव साली सहा डिसेंबर शुक्रवारी आला. मी रजा टाकली. मॅडम म्हणाल्या, "जा की. मी एकटी करते."

एकटीने करताना रिकामी रीडिंगंही त्यांनीच घेतली. सात वेळा, अर्धा-अर्धा तास थांबून.

पुढच्या शुक्रवारी मी आलो तर दिवा चालू होता आणि टेबलावर आलेख, शेजारी मॅडमनी घेतलेली सात रिकामी रीडिंगं. सातही बिंदू एका रेषेत. मी बघितलं आणि मला तिथल्या तिथे कळलं. दिवसभरात नळीच्या काचेवर आयोडिनचा पातळ थर चढत होता. सकाळी भटका उजेड कमी, संध्याकाळी दुप्पट. आणि जास्त गर्दीची मापं आम्ही नेहमी संध्याकाळी घ्यायचो, त्यांतून वजा व्हायचा तो मात्र माझा सकाळचा आकडा.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "रिकामं रीडिंग तुम्ही कधी घेत होता, गायकवाड?"

"सकाळी."

"आणि नंतरची?"

मी वहीकडे बघितलं. त्यांनी वही उघडली, रकान्यावरून ते तपकिरी बोट फिरवलं, वरून खालपर्यंत, पानामागून पान. बराच वेळ. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बर्फ आणलाय. आज परत घेऊ."

त्यानंतरचे तीन शुक्रवार आम्ही शेजारी बसून सगळं पुन्हा मोजलं, पूर्ण अर्धा-अर्धा तास. कामाशिवाय एक शब्द नाही. रेषा सरळच आली. जो आकडा निघाला तो परदेशात आधीच कुणी काढलेला होता. म्हणजे नवीन काही नव्हतं, आणि छापलेलं चूक होतं.

मॅडमनी चुकीची दुरुस्ती लिहिली, अर्ध्या पानाची. पेपर दोघांच्या नावाचा, तेव्हा दुरुस्तीवर गाईडची सही हवी. आम्ही दोघं मुंबईला गेलो. मी बाहेर बाकावर बसलो. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

गाईड पहिल्यांदा समजावत होते. मग आवाज चढला. "सरळ रेषा तर सगळ्यांकडे आहे मॅडम. तिच्यावर कोण पीएचडी देणार? आणि माझं नाव आहे त्या पेपरवर. लोक म्हणतील याला मोजता येत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "ही रिकामी रीडिंगं घेतली कुणी? तुम्ही नाही घेतलीत, मला माहितेय. तो डेमॉन्स्ट्रेटर तुमचा, बाहेर बसलाय तो? त्याने ना? मग सोपं आहे. त्याचं नाव घालून लिहून द्या, एक प्रत प्राचार्यांना. फसवणूक त्याची, आपल्याला माहीत नव्हतं. मी आत्ता सही करतो. दोन वर्षांची मुदतवाढही देतो, नवीन विषय घ्या."

त्या महिन्यात माझ्या कायम होण्याचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर होता. मॅडमना ते माहीत होतं, कारण त्यावरची शिफारस त्यांनीच लिहिलेली.

मी उठायला हवं होतं. चार पावलं होती दारापर्यंत. आत जाऊन 'होय सर, मी केलं' म्हणायचं, इतकंच. मी बाकाची कड धरून बसून राहिलो.

मॅडमचा आवाज आला, "रीडिंगं माझी आहेत, सर. वही माझी आहे."

मला सुटल्यासारखं वाटलं. आज लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते सुटल्यासारखंच.

एसटीने आलो, ठाण्याला खोपटच्या डेपोत उतरलो. तिथे चहा घेतला. मी म्हटलं, "मॅडम, माझं नाव सांगायचं होतं."

"मग काय झालं असतं?"

"तुमची पीएचडी झाली असती."

"आणि तुमचं?" त्यांनी बशीत चहा ओतला. "माझ्या भावाने कुठे माती खाल्ली की लोक म्हणतात, कोळ्यांची पोरं अशीच. तुमचं त्याहून वाईट झालं असतं. एकट्या गायकवाडने चूक केली असं कुणी म्हणालं नसतं. तुमच्या मागनं येणाऱ्या पोरांनाही ती ऐकवली असती." मग जरा वेळाने म्हणाल्या, "तुमच्यावर उपकार म्हणून नाही केलं, मनाला लावून घेऊ नका. सात वर्षांत मी तो रकाना एकदाही तपासला नाही. पहिल्यांदा बाक दिसला तेव्हा चुकलं म्हणून शोधत होते. पेपर छापून आल्यावर शोधायची थांबले. आवडला होता मला तो." बशी तशीच राहिली आणि त्या चालत चेंदणीकडे गेल्या. फार हळू चालायच्या.

दुरुस्ती त्यांनी तरीही पाठवली, एकटीच्या सहीने. मासिकाकडून उत्तर आलं की दोन्ही लेखकांच्या सह्यांशिवाय छापता येत नाही. पुन्हा पाठवली. पुन्हा तेच उत्तर. जूनमध्ये मी कायम झालो. बायकोने पेढे दिले ते मी मॅडमना द्यायला गेलो, त्यांनी एक घेतला आणि म्हणाल्या, "छान आहे, कंदी आहे का?" नारळी पौर्णिमा आली आणि गेली. पीएचडीची मुदत संपली. अंधाऱ्या खोलीचे काळे कागद खरवडून तिथे कॉम्प्युटर ठेवले, लेझर कपाटावर गेला. मॅडम तास घेत राहिल्या, शुक्रवारीसुद्धा. आम्ही डबा एकत्र खायचो, पण त्या विषयावर एक अक्षर नाही. मी बोलायचा प्रयत्न केला की त्या म्हणायच्या, "दमलेय हो, उद्या बोलू." सत्त्याण्णव साली काचबिंदूने नजर गेली तेव्हा लवकर निवृत्त झाल्या. आई गेलेली, पोरं मोठी झाली, घरात जागा पुरेना, म्हणून खडवलीला एक खोली घेऊन राहिल्या. मी वर्षातनं दोनदा जायचो. खरं तर एकदाच.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात कॉलेजच्या पत्त्यावर त्यांच्या नावाचं परदेशातलं पत्र आलं. ते गाईडच्या संस्थेत जाऊन, तिथून फिरून आलेलं. गाईड तोवर वारलेले. मी ते घेऊन खडवलीला गेलो आणि वाचून दाखवलं. कुणी संशोधक अशा धडकांच्या आकड्यांचा मोठा तक्ता करत होता. त्याने लिहिलेलं, तुमचा छापलेला आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. मी तो तक्त्यात घेतोय, पण तुम्हाला त्याची खात्री आहे का, तेवढं कळवा.

मॅडम खाटेवर बसून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "टेबलावर कागद आहे बघा. लिहा."

इंग्रजीत सांगत होत्या, न अडखळता. तो आकडा चुकीचा आहे, घेऊ नये. रिकामी रीडिंगं दर वेळी घेतलेली नव्हती. पुन्हा मोजल्यावर निघालेला आकडा असा. तो त्यांनी दशांशासकट तोंडपाठ सांगितला, आठ वर्षांनी. चूक माझी आहे, बाकी कुणाची नाही. मग थांबल्या.

त्यांना कागद दिसत नव्हता. मी 'चूक माझी आहे' यावर काट मारली आणि खाली लिहिलं की ही रीडिंगं न मोजता मी लिहिली, मी, त्या वेळचा डेमॉन्स्ट्रेटर, आणि मॅडमना ते माहीत नव्हतं.

"वाचा," त्या म्हणाल्या.

मी त्यांनी सांगितलं होतं तसं वाचलं. माझी ओळ गाळली.

"सगळं वाचलंत?"

"हो मॅडम."

"मी बोलायची थांबले त्यानंतर तुमचं पेन चालत होतं."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "तुमची एक ओळ खोडली, आणि एक वाचायची राहिली."

"वाचा ती."

मी वाचली. मॅडम खाटेच्या काठावर हात ठेवून बसल्या होत्या, तोंड माझ्याकडे, पण नजर माझ्या खांद्याच्या जरा बाजूला. मग त्यांनी हात पुढे केला.

"पेन द्या. सही कुठे करायची तिथे बोट ठेवा."

मी बोट ठेवलं. त्यांनी चाचपून त्याच्या कडेने सही केली, पहिली रेघ माझ्या नखावरून गेली.

"आता तुमची करा," त्या म्हणाल्या. "खाली नको. माझ्या शेजारी."